जोडव्यांशिवाय

तरुणपणी मी स्वतःला फार शहाणी समजायचे. थंडीत पायाची बोटं निळी पडायची, कातडी ताठायची, जखमा ठणकायच्या. रक्तवाहिन्या आकसण्याचा दुर्मिळ आजार आहे, जोडवी काढा, असं डॉक्टरांनी बजावलं. पण काढली आणि नवऱ्याला काही झालं तर? मी बाई फडकं गुंडाळून तशीच भातलावणीच्या चिखलात उतरायचे!

हे करवादायचे, “अगं, मी धडधाकट हाय, तुझं बोट चाललंय!”

गेल्या वर्षी बोट कापायची वेळ आली. पुण्याच्या डॉक्टरांनी आधी एक प्रयोग करायचं ठरवलं. माझ्याच कमरेच्या हाडातल्या मूलपेशी काढून पोटरीत टोचल्या. खात्री कुणीच दिली नाही. त्याआधी नर्सने रुतलेलं जोडवं कापलं, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. हळूच एक उघडून पाहिलं, तर हे बाकावर बसून निवांत वडापाव खात होते.

हळूहळू ठणका थांबला, जखम भरली. काल डॉक्टर म्हणाले, “आजी, बोट वाचलं.”

परतताना पिरंगुटच्या बाजारात ह्यांनी विचारलं, “नवी जोडवी घ्यायची का?”

“न्हाई,” मी म्हटलं. “तुमी बिनजोडव्याचे चांगले टिकलाय. आता माझ्या बोटाला टिकू द्या.”