रविवारी पाखरं मोजणारे आम्ही

दर रविवारी सकाळी आम्ही पाखरं बघायला निघतो. दिसलेली पाखरं मोबाईलच्या ॲपवर टाकतो. पण पाखरं बघताना आमचं जे होतं ते टाकायला ॲपमध्ये जागाच न्हाई! मंग ते साचत जातं आणि चहाच्या टपरीवर बाहेर पडतं. ग्रुप तसा छोटाच. मी एमआयडीसीत बियाण्याच्या प्लांटमध्ये, शांतीशेठ कापड दुकानदार, कदम मॅडम शिक्षिका आणि भानुदास तीर्थपुरीजवळचा शेतकरी.

* * *

शांतीशेठचं घराणं मूळचं राजस्थानचं, पिढ्यान्‌पिढ्या जालन्यात कापड विकणारं. त्यांना पाखराचं नाव आठवत न्हाई, रंग मात्र बिलकुल चुकत न्हाई.

एकदा त्यांना तारेवर काश्मिरी नीलपंख दिसला. आपल्याकडं हा पाहुणा क्वचितच. फोटो नव्हता, म्हणून नोंदी तपासणाऱ्या पुण्याच्या तज्ज्ञांनी विचारलं, "निळा म्हणजे नेमका कोणता निळा?"

शेठनी दुकानातल्या थानांतून निळ्या कापडाचे तुकडे कापले, त्यांवर 'डोकं', 'छाती', 'पंख' अशा चिठ्ठ्या लावल्या आणि कुरिअर केले!

उत्तर आलं, "नोंद मंजूर. ता. क. 'पंख' लिहिलेल्या रंगात साडी मिळेल का? मिसेसना फार आवडला."

* * *

कदम मॅडमच्या ओसरीत खुंटीला हेल्मेट टांगलेलं असायचं. त्यात चिरक पाखरानं घरटं केलं. मॅडमनी हेल्मेटला हात लावला न्हाई, तशाच स्कूटीवर निघाल्या. चौफुलीवर ट्रॅफिक हवालदारानं अडवलं.

"हेल्मेट कुठंय, मॅडम?"

"घरी. त्यात पिल्लं हायेत."

हवालदारानं लई बहाणे ऐकले असतील, हा नवा होता. "चला, दाखवा!" म्हणत तो मागं मागं घरापर्यंत आला. हेल्मेटमध्ये डोकावला. तीन पिवळ्या चोची एकदम उघडल्या! तो दचकून मागं सरला आणि पुढचं सगळं कुजबुजत बोलला, "दंड न्हाई घेत. पण पोरं मोठी होईस्तोवर रिक्षानं जा बरं."

त्यानंतर रिक्षातल्या मॅडम दिसल्या की तो भर चौकात शिट्टी थांबवून ओरडायचा, "उडाली का हो पिल्लं?"

* * *

जांब समर्थकडं एका गावाबाहेर आम्ही दुर्बिणी लावून उभे होतो. बघता बघता गाव जमलं.

"कोणता रस्ता मोजून राह्यले? कुणाची जमीन चालली?"

मी म्हटलं, "रस्ता न्हाई हो, पक्ष्यांची मोजणी आहे."

एक म्हातारबाबा काठी टेकत पुढं आले. "मंग मोजायचं काय त्यात? आमच्या गावात सगळेच पक्ष हायेत! एकेका घरात दोन-दोन!"

* * *

भानुदासच्या रानात टिटवीनं उघड्यावर अंडी घातली. ट्रॅक्टर सुरू असताना ती जीव तोडून समोर ओरडत राह्यली. भानुदासनं त्या अंड्यांभोवती खाटेएवढी जागा सोडून बाकीचं रान नांगरलं, पेरलं. हिरव्यागार सोयाबीनच्या मधोमध तो बोडका चौकोन सगळ्या शिवारात दिसायचा.

शेजारी बांधावरून हसला, "तेवढ्यात काय पेरलं रे?"

"टिटव्या!" भानुदास म्हणाला. "तुह्या रानातबी येतील यंदा."

* * *

आता हा शेवटचा किस्सा. भानुदासच्या वडलांना, आबांना, लकवा मारून गेल्ता. हातपाय थोडे हालायचे, पण वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर झाले, दवाखाने झाले, एक शब्द न्हाई. भानुदास रोज त्यांच्याजवळ बसून गावातलं सगळं सांगायचा आणि आबा नुसते बघत राह्यचे.

त्या रविवारी आम्ही त्यांच्या अंगणात चहा घेत होतो. आबा बाजेवर पडलेले. बांधापलीकडून तितर ओरडला, खणखणीत. कदम मॅडमनी आवाज नोंदवायला मोबाईल समोर धरला आणि सगळ्यांना गप्प बसायची खूण केली.

तितर थांबला. आम्ही वाट बघत राह्यलो.

आणि पुन्हा आवाज आला, पण बांधाकडून न्हाई. बाजेवरून! आबांचे ओठ हालत होते, मान ताणलेली, डोळे बांधावर. हुबेहूब तितर! भानुदासनं कपबशी खाली ठेवली. तो उठायला गेला, शेठनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसवलं.

बांधावरून उत्तर आलं. आबांनी परत साद घातली. परत उत्तर. बराच वेळ दोघांचं चाललं होतं.

शेवटी मॅडमनी डोळे पुसले, मोबाईलवर ॲप उघडलं आणि हळूच विचारलं, "भानुदासभाऊ, तितर किती लिहू?"

भानुदासनं बाजेकडं पाह्यलं.

"दोन लिहा, मॅडम."