कुंडमजवळ, महुआच्या दिवसांत: जंगल झाडणाऱ्या बायकांकडे दोन दिवस

फूलबाई माझ्याकडे आली ती उजवा हात डोक्यापर्यंत जात नाही म्हणून. मी शहरात नेपियर टाउनमधल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे खांदे आणि गुडघे बघते. खांदा कशाने धरला विचारलं तर म्हणाली, "पत्ता झाड़ने से," म्हणजे पाला झाडून. अंगण झाडून खांदा इतका धरत नाही, म्हणून खोदून विचारलं. तेव्हा कळलं की ती अंगण नाही, जंगल झाडते.

कुंडमच्या पुढे आमाटोला नावाचं तिचं गाव आहे. मार्च-एप्रिलमध्ये तिथे महुआ, म्हणजे मोहाचं फूल, गळतो. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवून द्यायची जुनी पद्धत, आणि तीच आग पुढे जंगलात शिरायची. गावातल्या बायकांनी काही वर्षांपूर्वी वन समितीत बसून ठरवलं की आता पेटवायचं नाही, झाडायचं. शिवाय जंगलाच्या कडेने पाला काढून लांबच लांब मोकळी पट्टी करायची, म्हणजे आग आलीच तरी ती ओलांडून पुढे जाणार नाही.

"एक बार आके देखो दीदी," फूलबाई म्हणाली. "फिर बताना, हाथ को आराम कैसे दूँ."

घरी हे सांगितलं तर बाबांनी पेपर बाजूला ठेवला. बाबा बहात्तर वर्षांचे. सगळी नोकरी इथल्या एका डिफेन्स फॅक्टरीच्या फायर ब्रिगेडमध्ये झाली.

"पाणी कुठून आणतात त्या?"

"पाणी वापरतच नाहीत म्हणे."

"मग काय करून राहिल्या त्या? मी येतो."

शनिवारी सकाळी सहाला आमच्या जुन्या गाडीने निघालो. शहराच्या टोकाची रांझी मागे पडली की रस्ता मोकळा होतो, मग शेतं, मग दोन्ही बाजूंनी झाडी. कुंडम साधारण पन्नास किलोमीटर, आरामात दीड तास. बसनेही जाता येतं, पण कुंडमपासून पुढे ऑटो ठरवावी लागते. पेट्रोल शहरातच भरा. कुंडमच्या बाजारात गरम समोसे आणि चहा झाला, दोघांचे मिळून शंभर रुपयेही लागले नाहीत. बाबांनी मिरची मागून घेतली, आणि पुढचे आठ किलोमीटर ते पाणी पीत होते.

आमाटोल्यात हॉटेल नाही, लॉज नाही. बायकांचा गट एका घरात राहायची सोय करतो, आधी फोन करून विचारायचं. खोली स्वच्छ, खाट कडक, जेवण उत्तम. आम्हाला कोदोचा, म्हणजे कोद्र्याचा भात, तुरीची डाळ आणि भाजलेल्या टोमॅटोची चटणी मिळाली. फूलबाई वाढताना सारखी बाबांकडे बघत होती, कारण बाबा दारातूनच जंगलाकडे बघत जेवत होते.

जेवणाआधीच तिने आम्हाला ती पट्टी दाखवली होती. साज, धावडा, तेंदूची झाडं आणि मधून लाल मातीचा झाडून काढलेला रस्ता. पलीकडच्या उतारावर कमरेइतकी कोवळी रोपं होती. पाच वर्षं गुरं न सोडता वाढवलेलं ते जंगल, फूलबाईने हात फिरवून दाखवलं, अर्थात डावा हात.

"ही पट्टी अजून रुंद पाहिजे," बाबा म्हणाले, आणि मग तेच तिला हिंदीत सांगितलं.

"झाड़ू आप पकड़ लो बाबूजी," फूलबाई म्हणाली, "जितनी बोलोगे उतनी कर देंगे."

बाबांनी खरंच खराटा घेतला. दहा मिनिटांत शर्ट भिजला. मी फूलबाईच्या खराट्याचा दांडा तपासला. तो तिच्या उंचीला फारच आखूड होता, त्यामुळे प्रत्येक फटक्याला सगळा भार खांद्यावर येत होता. हातभर लांब बांबू लावून दिला आणि दोन्ही बाजूंनी आळीपाळीने झाडायला सांगितलं. एवढ्यानेच माझं काम झालं असं मला वाटलं.

दुपारी तीनच्या सुमाराला कुणीतरी हाक दिली. गावाच्या वरच्या अंगाला धूर दिसत होता.

आम्ही पोचलो तेव्हा आठ बायका हिरव्या फांद्या तोडून तयार होत्या. आग मोठी नव्हती, घोट्याइतकी, पण चांगली रुंद होती आणि वारा तिला थेट त्या कोवळ्या रोपांकडे नेत होता. वाळलेला पाला चुरचुरत पेटत होता. डोळे झोंबायला लागले. फूलबाईने पदर खोचला, पट्टीच्या कडेला वाकली आणि काडी ओढली.

बाबांनी तिचा हात धरला. "यह क्या कर रही हो? आग बुझानी है."

"छोड़ो बाबूजी. यह पानी से नहीं मरेगी, भूख से मरेगी. इसका खाना पहले हम जला देंगे."

"हवा तेज़ हो गई तो?"

"अभी नहीं होगी. तेज़ हवा पहाड़ी से उतरेगी, पर धूप हटने के बाद."

बाबा माझ्याकडे वळले. चेहरा पांढरा पडला होता. "मी उभ्या जन्मात आग लावली नाही," ते म्हणाले. इथल्या वाऱ्याबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं, मला तर त्याहून नाही. त्यांनी हात सोडला, एक फांदी उचलली आणि फूलबाईला विचारलं, "मैं कहाँ खड़ा रहूँ?"

तिने त्यांना पट्टीवर, रोपांच्या बाजूला उभं केलं. ठिणगी उडून आली तर मारायची. तिने लावलेली आग पट्टीपासून सुरू होऊन सावकाश मूळ आगीकडे सरकत गेली. मधला पाला दोन्हीकडून जळत संपत आला. एका क्षणी दोन्ही ज्वाळा एकमेकींना भिडल्या, कमरेइतक्या उंच झाल्या आणि खाली बसल्या. पुढे जळायला काही उरलंच नव्हतं. बाबांनी दोन ठिणग्या मारल्या. पाच वाजेपर्यंत धुमसणारे ओंडके उलटेपालटे करून झाले. रोपं वाचली.

काळं झालेलं जंगल उतरून येताना आग कुठून निघाली ते सगळ्यांना दिसलं. कडेच्या एका महुआखाली पाल्याचा गोल जळलेला होता. ते झाड शांतीबाईचं, म्हणजे फूलबाईच्या जेठानीचं, मोठ्या जावेचं. दोघी एकाच अंगणात राहतात.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर सगळ्या बसल्या. गटाचा नियम असा की जो पेटवेल, त्याच्या झाडाचा त्या वर्षीचा महुआ गटाचा. शांतीबाईने सरळ सांगितलं, "हाँ, मैंने लगाई." कुणीतरी म्हणालं, बुढ़िया है, जाने दो. सगळ्या फूलबाईकडे बघत होत्या. तिने शांतीबाईकडे पाहिलं. मग म्हणाली, "मेरे घर के लिए नियम अलग नहीं होगा."

शांतीबाई जायला उठली. उठताना तिने दोन्ही हात मांड्यांवर रेटले, एकदा बसली, पुन्हा रेटले. हे उठणं मी रोज बघते. मी विचारलं, "घुटना कब से दुख रहा है, अम्मा?"

"दो बरस से. बैठ के पेड़ के नीचे झाड़ूँ कैसे? माचिस तो खड़े-खड़े भी लग जाती है."

फूलबाई म्हणाली, "जीजी, मुझे क्यों नहीं बताया?"

"तूने पूछा कब? तू तो जंगल में रहती है."

फूलबाईचे डोळे भरून आले. दुपारच्या धुराने आले नव्हते एवढे. त्यानंतरचं बोलणं हळू आवाजात झालं, पण निर्णय झाले. नियम तसाच राहिला, शांतीबाईचा यंदाचा महुआ गटाकडे. पण ज्यांना वाकवत नाही त्यांची झाडं बाकीच्यांनी पाळीपाळीने झाडायची. आणि शांतीबाईचं घर वाटेवरच असल्यामुळे जंगलात जाणाऱ्याने काडेपेटी तिच्या ओसरीवर ठेवून जायचं.

रविवारी उजाडताना बाहेर आले तर बाबा शांतीबाईच्या झाडाखाली झाडत होते. वरून पिवळसर, रसरशीत फुलं टपटपत होती आणि हवेत गोड, आंबूस वास होता. शांतीबाई ओसरीवर बसून सूचना देत होती, "उधर भी, बाबूजी, जड़ के पास." मी तिला बसून करायचे गुडघ्याचे दोन व्यायाम शिकवले. तेवढ्यात बीटगार्ड आला, म्हणजे तिथला वनरक्षक, फेरीवर निघालेला तरुण मुलगा. शांतीबाईने हात पुढे केला. तो हसला, पण लायटर मुकाट्याने तिच्या हातावर ठेवून गेला.

तुम्हाला जायचं असेल तर मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य बरा. सुती कपडे, बंद बूट, भरपूर पाणी. फोटोसाठी जाऊ नका, काम करायची तयारी ठेवा.

घरी आल्यावर बाबा दोन दिवस पाठीला मलम लावून पडून होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला उलट्या आगीची गोष्ट सांगत होते, आणि दरवेळी न चुकता म्हणत होते, "मी चूक होतो, ती बाई बरोबर होती." इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

माझ्याजवळ काय उरलं ते बुधवारी कळलं. आमच्या बिल्डिंगसमोर झाडणारी बाई रोज सकाळी पाल्याचा ढीग पेटवते. वर्षभर मी खिडकी लावून घेत आले होते. त्या दिवशी तिला झापायचं म्हणून तावातावाने खाली उतरले, आणि तिच्यासमोर गेल्यावर विचारलं, "क्यों जलाती हो, दीदी?"

ती थोडी बावरली. "कचरा-गाड़ीवाला पत्ता नहीं लेता. चौक के कूड़ेदान तक अकेले उठता नहीं मुझसे."

मी बाबांना हाक मारली. ते पाठीला हात लावत खाली आले. पाला पोत्यात भरला, एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि आम्ही तिघं चौकाकडे निघालो.