निळ्या कापसाच्या नळ्या

आज दुपारपासून स्वतःचीच लाज वाटतेय, म्हणून इथं लिहितेय.

मी संभाजीनगरला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. फळमाश्यांच्या खाण्यात साखर वाढली की त्यांच्या शरीरातला इन्सुलिनचा संदेश कसा मंदावतो, कोणती जनुकं जास्त किंवा कमी काम करायला लागतात, हे आम्ही तपासतो. माश्यांचं खाद्य प्रयोगशाळेतल्या मंदाताई शिजवतात. त्या रोज बजाजनगरहून येतात.

आज सकाळी निकाल उलटेच आले. साध्या खाद्यावरच्या माश्यांमध्ये हे बदल दिसले. मी सगळ्या विद्यार्थ्यांसमोर मंदाताईंवर ओरडले, "तुम्हाला साखर मोजता येत नाही का?"

"मॅडम, मी मोजूनच टाकली. तुमची लेबलं एकदा बघता का?"

"मला शिकवू नका," मी म्हणाले.

दुपारी माश्या ठेवायच्या काचेच्या उरलेल्या नळ्या बाहेर काढल्या. जास्त साखरेच्या नळ्यांना मंदाताई न चुकता निळ्या कापसाचा बोळा लावतात. त्या निळ्या बोळ्यांखाली लेबलांवर माझ्याच अक्षरात 'साधं' लिहिलेलं होतं.

पोरं गेल्यावर मी माफी मागितली. मंदाताई खाद्याचं पातेलं घासत होत्या. "बोललात सगळ्यांसमोर, अन् माफी एकटीला व्हय, मॅडम?" एवढंच म्हणाल्या आणि बस पकडायला निघून गेल्या.

या ग्रुपवर माझे विद्यार्थी आहेत. पोरांनो, चूक माझी होती. पण मंदाताई इथं नाहीत, म्हणून उद्या प्रॅक्टिकलला त्यांच्या देखत हेच पुन्हा सांगणार आहे.

खरं सांगा, त्यांच्या जागी तुम्ही असता, तर तेवढ्यावर मला माफ केलं असतं?