कार्डामागची दक्षा

तलासरीत माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून नविनभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. माणूस भलता हट्टी. बाकीचे फोटोवाले नवरा-नवरीला पीठ फासल्यासारखं गोरं करून देतात आणि लोक खूशही होतात. नविनभाईंना ते खपत नाही. "सावळा माणूस पांढऱ्या मांडवात उभा केला की कॅमेरा गडबडतो. त्याला अक्कल नसते, ती आपण द्यायची," म्हणतात.

अक्कल म्हणजे एक राखाडी पुठ्ठा, ग्रे कार्ड. नवरीच्या जागी आधी कुणीतरी ते तोंडासमोर धरून उभं राहायचं. नविनभाई कॅमेरा स्पॉट मीटरवर टाकून फक्त कार्डावरचा उजेड मोजायचे, त्याचा एक फोटो काढायचे आणि त्याच मापावर पुढचे फोटो घ्यायचे. ऊन कललं की पुन्हा कार्ड. हे उभं राहणं कायम त्यांच्या बायकोकडे, दक्षाभाभींकडे. "वर घे... झालं, हो बाजूला," म्हटलं की त्या निमूट बाजूला व्हायच्या.

गेल्या वर्षी भाभी तापाने गेल्या. दिवसांना हार घालायला फोटो हवा होता, आणि घरात त्यांचा एकटीचा असा एकही नव्हता. नविनभाईंनी कॉम्प्युटर उघडला, मी शेजारी बसलो. अच्छाडचं लग्न, नरपडचं लग्न, सगळीकडे भाभी होत्या. आणि सगळीकडे हनुवटीपासून नाकापर्यंत कार्ड. वर नुसते डोळे.

"एखाद्यात तरी कार्ड खाली असेल," मी म्हटलं.

"असायचे ना. हात दुखला की खाली करायची नि हसायची." त्यांनी माउस सोडला. "ते मी तिथल्या तिथे डिलीट करायचो. फुकट गेले म्हणून."

मला त्यांचा राग आला, खरं सांगतो. मग त्यांच्याकडे बघवेना.

भाभींचा भाऊ मुकेश म्हणाला, आधारवरचा फोटो मोठा करू. नविनभाईंनी ऐकलं नाही. ग्रे कार्ड धरलेलाच एक मढवून स्टुडिओच्या भिंतीला लावला. बाईने पाटी कसली धरलीय, असं गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा ते कामात असल्याचं दाखवतात.

आता कार्ड बांबूच्या काठीला अडकवलंय, भाभींच्या उंचीवर. परवा आशागडच्या एका लग्नात मी पाहुणा होतो. नविनभाईंनी माप घेतलं आणि कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाले, "झालं, हो बाजूला."

काठी तिथेच. त्यांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. मग स्वतः चालत गेले आणि काठी उचलून बाजूला ठेवली.