दुपारी जोडला जाणारा फोन

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पालमच्या घरातलं वायफाय रोज दुपारी मंद व्हायला लागलं. मी घरी बसून शाळेच्या पुस्तकांची पानं जुळवायचं काम करते. सकाळभर सगळं सुरळीत चालायचं आणि अडीचच्या सुमारास फाईल जाता जाता अडकायची. दोनेक महिने तसंच चालवून घेतलं, मग कॉम्प्युटरनं दुसरी तक्रार सुरू केली: बॅकअप अपूर्ण, डिस्कवर जागा नाही. ती डिस्क माझ्या धाकट्या भावानं बसवून दिली होती. माझ्या कामाला तिच्यातली निम्मी जागाही लागत नव्हती.

भाऊ जाऊन तेव्हा सहा-सात महिने झाले होते. घरात वडील, म्हणजे अप्पा, आणि मी, दोघंच. आई लवकर गेली. मी सासर सोडून परत आले, त्यालाही बरीच वर्षं झाली. राऊटर, वायरी, डिस्क हे सगळं भाऊच बघायचा. मी त्यात कधी हात घातला नव्हता.

नेटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "राऊटर बंद करून चालू करा." केला. "लोखंडी कपाटामागं ठेवलाय का?" तसाच होता, काढून खिडकीत ठेवला. वायर बदलली. फरक पडला नाही. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या नेटला कोण कोण जोडलंय ते बघा. शेजाऱ्याकडं पासवर्ड गेला असंल."

तो सांगत गेला तसं मी राऊटरचं पान उघडलं. तीन नावं होती. एक कॉम्प्युटर, एक माझा फोन. तिसरं नाव माझ्या भावाचं होतं.

"दिसलं का कोणी?" पलीकडून तो विचारत होता.

"शेजारीच आहेत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

अपघातानंतर भावाचा फोन त्याच्या घड्याळासोबत एका पिशवीत घरी आला होता. काच तडकलेली, पण चालू होता. मी तो बंद करून कपाटात कपड्यांखाली ठेवला होता. उठून बघितलं. पिशवी होती, घड्याळ होतं, फोन नव्हता.

अप्पा आतल्या खोलीत होते. लिंगपूजा, जेवण, मग तिथंच चटईवर पडायचं, असा त्यांचा क्रम. दार लोटलेलं होतं. मी ते ढकललं नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. कॉम्प्युटरपाशी परत आले, हेडफोन लावला आणि डिस्क उघडली.

भावानं असं करून ठेवलं होतं की त्याचा फोन घरच्या वायफायला जोडला गेला की त्यातलं सगळं आपोआप या डिस्कवर उतरायचं. फोटो, व्हिडिओ, फोनवरची बोलणीसुद्धा. फोल्डरमध्ये गेल्या दोन महिन्यांतले व्हिडिओ ओळीनं पडले होते, काही तर तासतासाचे. पहिला उघडला. आतल्या खोलीचं छत आणि फिरणारा पंखा. बाकी काही नाही. बंद करणार तेवढ्यात अप्पांचा आवाज आला.

"लवकर ये."

मग थोडं थांबून, मऊ आवाजात, "लवकर ये रे."

मग जरा खेकसून, "ये की लवकर."

पुन्हा नुसती पंख्याची खरखर. मग परत पहिल्यापासून. मी दुसरा व्हिडिओ लावला, तिसरा लावला. तेच छत, तेच शब्द. मी व्हिडिओ थांबवून हेडफोन काढला, तरी आवाज थांबेना. तो आता दाराआडून येत होता, अगदी हळू.

मी दार ढकललं. अप्पा चटईवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात भावाचा फोन उताणा ठेवलेला. त्यांनी तो लपवला नाही.

"अप्पा, काय करायलात?"

"मी कसा बोललो ते बघायलोय."

मला कळेना. मी खाली बसले. मग ते बोलायला लागले.

"त्या दिवशी मीच त्याला फोन लावला. पाहुणे येऊन बसलते. मी म्हणलं, लवकर ये. रागानं म्हणलो का साधंच म्हणलो, आठवंना. ह्याच्यात ते हाय. पण ऐकलं की दरवेळी वेगळंच वाटायलंय. मग मी म्हणून बघतो."

त्या संध्याकाळी भावाला बघायला मुलीकडची माणसं आली होती. भाऊ कामासाठी चुडाव्याला गेला होता. तिथून मोटारसायकलवर निघाला आणि अंधार पडता पडता रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला.

"तू ऐक," अप्पा म्हणाले. "तुला कळंल."

त्यांनी त्या बोलण्याच्या रेकॉर्डिंगवर बोट ठेवलं. आधी स्टेशनवरचा गलका, मग अप्पांचा आवाज, "कुठं हाईस?" भाऊ म्हणाला, "स्टेशनपाशी. आटपलंच." "पाहुणे बसलेत. लवकर ये." इथं अप्पांचं बोट बंद करायला पुढं झालं. मी त्यांचा हात धरला. "त्यांला चहा द्या," भाऊ म्हणाला, "आलोच." आणि फोन संपला. हे शेवटचं अप्पांनी कधी ऐकलंच नव्हतं. आपले शब्द आले की ते थांबवायचे.

"चिडलो व्हतो का?"

खोटं बोलता आलं असतं. "चिडला नव्हतात," मी म्हटलं. "पण तुमच्या आवाजात घाई होती."

त्यांनी मान हलवली. "हां. घाई व्हती."

ऐकून झाल्यावर फोन बंद करायला म्हणून त्यांचं बोट कॅमेऱ्याच्या खुणेवर पडत होतं आणि नकळत पुढच्या कॅमेऱ्यातून व्हिडिओ निघायला लागायचा. ते मी त्यांना दाखवलं. व्हिडिओ पुसायला मन होईना. दुसरी डिस्क आणून ते त्यात ठेवले, आणि फोनवरून आपोआप उतरणं बंद केलं. त्याच दिवशी बॅकअप पूर्ण झाला. वायफायनं पुन्हा त्रास दिला नाही. फोन मात्र अप्पांपाशीच राहू दिला.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी अप्पांच्या फोननंतर थोड्याच वेळात भावानं मला फोन केला होता. मी स्वयंपाकघरात होते, फोन बाहेर चार्जिंगला. बघितलं तेव्हा उशीर झाला होता. मी लावला, तो नुसता वाजत राहिला. न उचललेल्या फोनचं रेकॉर्डिंग होत नाही. तरी मी दोन्ही डिस्का पालथ्या घातल्या. त्याला मला काय सांगायचं होतं, ते कुठंच नाही.

पावसाळा निम्मा सरल्यावर एका दुपारी मी आतल्या खोलीत गेले आणि अप्पांना हे सांगितलं.

"तवा तू काय करायलतीस?" त्यांनी विचारलं.

"पाहुण्यांसाठी पोहे."

अप्पा चटईवर जरा सरकले आणि माझ्यासाठी जागा केली.