चुलीची फुंकर

फुंकून फुंकून डोळ्यांपुढे अंधारी आली. नाकाला चिमटा, तोंडात नळी. फुप्फुसं बरी निघाली तरच डॉक्टर पित्ताशयाचं ऑपरेशन करणार होते.

अकोल्याच्या त्या तपासणीवाल्याने मला खुर्चीतच धरलं.

"आजी, चूल पेटवून राहिल्या का? थोडं थोडं नका फुंकू. एका दमात सारं बाहेर काढा."

"जलमभर असंच फुंकलं न बाप्पा!"

अजूनही तपासणीला जाते तेव्हा पाहते, नळी पेशंटच्या तोंडात असते आणि लालबुंद हा होतो. त्या दिवशीही त्याने मला पाणी दिलं, दम खाऊ दिला, बाहेरच्या रांगेची कुरकुर ऐकून घेतली आणि माझ्यासोबत पुन्हा फुंकलं.

"अजून, अजून! थांबू नका!"

जमलं. ऑपरेशन झालं. मी जिवंत आहे.