सहाव्या हिश्श्याची घोडी

टेलरमास्तरांनी आयुष्यात स्वतःच्या हौशीसाठी म्हणून एकच गोष्ट केली, आणि तीही सहा जणांत मिळून. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी शर्यतीची घोडी भाड्याने घेतली.

ही अक्कल मेव्हण्याची. घोडी विकत घेणं आपल्या आवाक्यातलं नाही, पण मालकाकडून ठरावीक मुदतीसाठी घेता येते, असं त्याने कुठून तरी ऐकलं आणि आपल्या चार मित्रांसह मास्तरांनाही गळाला लावलं. करार अठरा महिन्यांचा होता. घोडी मालकाचीच राहणार. जिंकली तर बक्षिसातला तिसरा हिस्सा त्याचा, हरली तर हरणं मात्र पुरतं यांचं. चारा, तबेला, ट्रेनर, डॉक्टर, जॉकी, शर्यतीला न्यायची गाडी, सगळ्याला भागिले सहा. शिवाय दर चार आठवड्यांनी बाईसाहेबांना नवे नाल. घोडीला सगळे बाईसाहेबच म्हणत. मास्तर स्वतः तिसऱ्यांदा शिवून घेतलेल्या चपलेत तबेल्यावर जात, आणि नालांचं बिल बघून म्हणत, "पाय चार आहेत, तक्रार कुणाकडे करायची?"

बायको या विषयावर एकदाच बोलली. "अहो, मला कधी बसने फिरायला नेलं नाहीत आणि घोडीला मोटार?" मास्तर हसले. ती हसली नाही. त्यानंतर तिने घोडीचं नावच टाकलं. दर महिन्याला हिश्श्याचे पैसे काढताना ती स्वयंपाकघरात निघून जायची, आणि मास्तरांना ते भांडणापेक्षा जास्त लागायचं.

तबेल्यात त्यांचं खरं जमलं ते मोतद्दाराशी. घोड्यांच्या सेवेत म्हातारा झालेला माणूस. पहाटे घोडीच्या पायांवरून हात फिरवायचा, कुठे सूज, कुठे ऊब लागते का ते बघायचं, हे त्याचं काम. पण तीस वर्षं गार पाण्यात बुडवून बुडवून त्याची बोटं बधिर झाली होती. ट्रेनरला हे कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं असतं. मास्तरांना मात्र त्याने सांगितलं. मास्तर डोळे मिटून कापडाचा पोत ओळखणारे. त्यांनी एकदा गुडघ्याखाली हरभऱ्याएवढी गाठ शोधून दाखवली, तेव्हापासून शर्यतीच्या सकाळी मोतद्दार हळूच म्हणायचा, "मास्तर, जरा हात फिरवा." मास्तर फिरवायचे, मान हलवायचे, आणि बाईसाहेब मैदानावर जायच्या.

सतरा महिन्यांत त्या एकदा तिसऱ्या आल्या. बाकी वेळा कुठे आल्या ते विचारू नये.

शेवटची शर्यत मुदत संपायच्या आठवडाभर आधी होती. आदल्या रात्री ताट वाढताना बायको म्हणाली, "उद्या मी पण येते. परत जायच्या आधी बघू तरी कशी आहे तुमची लाडकी." मास्तरांनी त्या रात्री एक पोळी जास्त खाल्ली. अठरा महिने याच एका वाक्याची त्यांनी वाट पाहिली होती.

सकाळी आज बायको येणार हे मास्तरांनी आल्या आल्या मोतद्दाराला सांगितलं. त्याने घोडीच्या पायांना रात्रभर बांधलेल्या पट्ट्या सोडल्या. मास्तरांनी हात फिरवला. पुढच्या डाव्या पायाची मागची शीर गरम होती. फार नाही; इस्त्री बंद करून बऱ्याच वेळाने हात लावावा इतपत. नुकतीच पट्टी सुटली, ऊब राहणारच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे हेही त्यांना त्याच क्षणी ठाऊक होतं. पण नाही म्हटलं असतं, तर बायको मोकळं मैदान बघून घरी गेली असती, आणि पुढची शर्यत कधीच येणार नव्हती.

"ठीक आहे," मास्तर म्हणाले.

बाईसाहेब वळणापर्यंत दुसऱ्या होत्या. बायको कठड्याला धरून चक्क ओरडत होती. मग घोडी एकदम खाली बसल्यासारखी झाली, उठली, आणि तीन पायांवर उभी राहिली. डॉक्टरने मालकाला फोन लावला. जगवायची की शेवटचं इंजेक्शन द्यायचं ते तोच ठरवणार, तसं करारातच होतं. मैदानावर हिरवा पडदा धरला गेला. त्यामागे काय झालं ते सहा भागीदारांपैकी कुणीही पाहिलं नाही. बायको मास्तरांचा हात धरून रडत होती, आणि तिने धरलेल्या त्या स्वतःच्याच हाताची मास्तरांना किळस येत होती.

त्या दिवशी कुणाला काही विचारायची त्यांची छाती झाली नाही. दोन दिवसांनी मनाचा हिय्या करून ते तबेल्यावर गेले, तर मोतद्दार वळकटी बांधत होता. पाय नीट तपासला नाही म्हणून ट्रेनरने त्याला काढून टाकलं होतं.

"पाय गरम होता," मास्तर म्हणाले. "मला कळलं होतं. मी आत्ता जाऊन सांगतो ट्रेनरला."

मोतद्दाराने दोरीची गाठ मारली. बोटांना नीट जमेना, म्हणून दातांनी ओढली.

"नका सांगू. सांगितलंत तर माझ्या बोटांचंही सांगावं लागेल, मग दुसरीकडेही कुणी उभं करणार नाही." मग त्याने मास्तरांकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, हेच वाईट होतं. "आणि मला ठाऊक होतं, मास्तर. तुमचा हात चुकणारा नव्हे. तुम्ही 'ठीक आहे' म्हणालात तेव्हा माझ्याकडे बघितलं नाहीत. मीच मनात म्हटलं, जाऊ दे, आज त्यांच्या घरची माणसं येणार आहेत."